पिवळ्या वाळूखालची ओल

आल्विन पास्को आळशी आहे, हे कूराडिनमध्ये कुणी कुणाला सांगत बसत नसे. पोस्टात तिकीट चिकटवावं तसं ते त्याच्या नावाला चिकटलं होतं. खरं तर उजाडायच्या आत त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. पण गावानं माणसाला त्याच्या गव्हावरून ओळखायचं ठरवलं होतं, आणि आल्विनचा गहू दर वर्षी सप्टेंबरात मान टाकायचा.

म्हातारा हेडली पास्को याला दोन मुलगे. थोरला क्लाइव्ह, धाकटा आल्विन. वाटणी झाली तेव्हा घराभोवतीची तांबडी, भारी जमीन क्लाइव्हला गेली. उंच, गुलाबी खोडाच्या झाडांखालची ती जमीन हेडलीनं स्वतः कसलेली होती. आल्विनच्या वाट्याला रस्त्यापलीकडचं रान आलं. सगळं पिवळ्या वाळूचं. कमरेएवढी वोजिलची झुडपं, आणि झुडपांखाली गवताची काडी नाही.

"जमीन कोरी आहे," हेडली म्हणाला. "घालशील ते देईल. मला नाही कुणी अशी कोरी जमीन दिली."

आल्विनला वाटणीत काही वावगं वाटलं नाही. तरुण होता, नुकतंच लग्न झालं होतं. बायको नोरीन नॉर्दमच्या रेल्वे कामगाराची मुलगी. बोलायला तिखट, हाताला चपळ. दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाची जाडजूड साखळी बांधून दोघा भावांनी ते रान आडवं केलं, सुकू दिलं, पेटवलं. नंतर कित्येक महिने नोरीन आणि आल्विन जमिनीतून वर येणारी मुळं वेचत फिरत होते. नोरीन डोक्याला रुमाल बांधायची, ढीग रचायची आणि म्हणायची, "सासरेबुवांनी जमीन दिली की जळण दिलं रे?"

पहिली दोन पिकं झकास आली. राख मुरलेली होती आणि पाऊसही शेवटपर्यंत पुरला. हेडली कुंपणाशी आला, ओंबी हातावर चोळली, फुंकर मारून दाणे तोंडात टाकले आणि आल्विनच्या खांद्यावर हात ठेवला.  हेडलीचा हात खांद्यावर पडणं ही साधी गोष्ट नव्हती. आल्विनला त्या हाताचं वजन पुढे अनेक वर्षं आठवायचं, कारण तो परत कधी पडला नाही.

तिसऱ्या वर्षापासून घसरण सुरू झाली.

गहू उगवायचा छान. जून-जुलैच्या हिवाळ्यात शेत असं हिरवंगार दिसायचं की रस्त्यानं जाणारा गाडी हळू करायचा. आल्विनची छाती भरून यायची. मग सप्टेंबर यायचा, पाऊस उघडायचा, पूर्वेचा गरम वारा सुटायचा, आणि आठवड्याच्या आत पानं सुरळी होऊन टोकाकडून करडी पडायची. ओंब्या पांढऱ्या फटक, दाणे उंदराच्या दातांसारखे बारीक. रस्त्यापलीकडे क्लाइव्हचा गहू मात्र हिरवा, डुलत उभा. त्याच्यावरही पावसाचा थेंब पडलेला नसायचा.

रविवारी जेवणं आटोपली की हेडली भाजलेल्या मटणाचे ढेकर देत कुंपणापर्यंत चालत यायचा.

"सुपर फॉस्फेट घातलंस का रे?"

"घातलं, डॅड."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"मग हे काय झालं?"

"पाऊस थांबला ना."

"पाऊस तर रस्त्यापलीकडेही थांबलाय. तिकडे बघ जरा." हेडली काठीनं क्लाइव्हचं शेत दाखवायचा. "जमिनीला कळतं बरं, मालक केव्हा उठतो ते."

आल्विन अजून लवकर उठायला लागला. पेरणी अलीकडे घेऊन पाहिली, उशिरा करून पाहिली. वाण बदलले. गहू सोडून एकदा बार्ली पेरली, तर ती गव्हाच्याही आधी गेली. जस्त घातलं, तांबं घातलं. वरच्या मातीचा नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं की माती ठीक आहे, जरा नत्र वाढवा. मग अमोनियाचं खत आणून हात सैल सोडून टाकलं. त्या वर्षी पीक हिवाळ्यात इतकं दाट आलं की टेड हॅगर्टीनं मुद्दाम गाडी थांबवून टोपी काढली. सप्टेंबरात ते दाट पीक दाटीनंच मेलं.

टेड हॅगर्टी हा गावातला सगळ्यांत हसरा माणूस. टेनिस कोर्टावर चहा चालला असताना त्यानंच ती प्रसिद्ध थट्टा केली.

"आल्विनचा गहू सप्टेंबरात कुठे जातो ठाऊक आहे का? समुद्रावर, सुट्टीला! मालकावर गेलाय."

सगळे खो-खो हसले. आल्विनही हसला. नोरीन हसली नाही, तिनं कपबशी खाली ठेवली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तू कशाला हसलास?"

"मग काय करू?"

"काही नाही. हसू नको एवढंच."

नोरीन बराच काळ त्याच्या बाजूनं उभी राहिली, हे सांगितलं पाहिजे. खताच्या पोत्यांची तोंडं उसवून द्यायची, ट्रॅक्टर चालवायची, उन्हात डबा घेऊन यायची. सासऱ्याला तोंडावर सांगायची, "तुम्ही एक दिवस त्याच्याबरोबर काम करून बघा, मग बोला." पण दर वर्षी तेच हिरवं आणि तेच पांढरं बघून माणूस आतून झिजतो. एका सप्टेंबरात दोघं शेताच्या कडेला उभे होते. वारा सुटला होता आणि पीक पत्र्यासारखं वाजत होतं. नोरीन त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"आल्विन, खरं सांग. सगळीकडे घातलंस ना खत? मी नसताना?"

 जगातल्या कुणीही विचारलं असतं तर चाललं असतं. तो वळला आणि ट्रॅक्टरकडे गेला. त्या दिवशी त्यांचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात नोरीन जेराल्डटनला बहिणीकडे गेली, काही दिवसांसाठी म्हणून, आणि तिकडेच राहिली.

त्यानंतर हेडली आजारी पडला. मेरेडिनच्या दवाखान्यात क्लाइव्ह उशाशी बसला होता, आल्विन त्याच्यासाठी चहा आणायला गेला होता. चहा घेऊन दाराशी पोचला तेव्हा म्हातारा बोलत होता. "आल्विनकडे बघ जरा. वाईट नाही पोरगा. अंगात जोर नाही एवढंच." क्लाइव्ह म्हणाला, "हो, डॅड." आल्विन चहाचे दोन कप धरून तसाच उभा राहिला, मग पाय वाजवत आत गेला. म्हातारा दोन दिवसांनी गेला.

आल्विननं जमीन क्लाइव्हला कसायला देऊन टाकली आणि रेल्वे साइडिंगच्या गव्हाच्या कोठारावर हंगामी कामाला लागला. ट्रक आला की वर चढायचं, लांब नळी गव्हात खुपसून नमुना काढायचा, दाणा किती भरलाय ते बघायचं. सगळ्या पंचक्रोशीचा गहू त्याच्या हाताखालून जायचा. टेडचा, क्लाइव्हचा, नव्यानं आलेल्या लोकांचा. भरलेले, जड, तुकतुकीत दाणे. मुठीत घेतले की थंड लागायचे. संध्याकाळी घरी आल्यावर तो हात बराच वेळ धूत असे.

क्लाइव्हनं वाळूवर गहू पेरला. ऐटीत पेरला, मोठं यंत्र आणून. आल्विनला मनात कुठेतरी वाटत होतं की आता तो पिकवून दाखवणार, आणि मग गावाचं म्हणणं कायमचं खरं ठरणार. सप्टेंबरात आल्विन मुद्दाम त्या रस्त्यानं गेला. क्लाइव्हचा गहू उभ्या उभ्या पांढरा पडला होता. आल्विननं गाडी थांबवली आणि बघत राहिला. आनंद झाला का? थोडा झाला. आणि झाला म्हणून लाज वाटली.

क्लाइव्ह त्याच संध्याकाळी त्याच्या दारात आला.

"तू काय केलंस रे त्या जमिनीचं?"

"मी?"

"पार वाट लावून ठेवलीयस. इतकी वर्षं नीट कसली असतीस तर ही पाळी आली नसती."

आल्विन म्हणाला, "बीअर घेणार?" क्लाइव्हनं घेतली. दोघं पायरीवर बसून प्यायले आणि फुटबॉलचं बोलले.

असं करत बरीच वर्षं गेली. क्लाइव्हनं आणखी काही पिकं वाया घालवली, मग तिथे मेंढ्या सोडायला लागला. आल्विनचे केस पिकले. मग एका वर्षी शेतीखात्याची माणसं पिवळ्या वाळूच्या जमिनी शोधत आली. क्लाइव्हनं त्यांना म्हटलं, हवा तेवढा गहू पेरा आणि हवे तेवढे खड्डे खणा. सप्टेंबरात शेतकरी मेळावा ठरला. आल्विन जाणार नव्हता, पण टेड गाडी घेऊन दारात आला. "चल रे, सॉसेज फुकट आहेत."

शेताच्या मध्यावर यंत्रानं पुरुषभर खोल खड्डा खणला होता, एका बाजूनं उतरायला उतार ठेवलेला. खात्याची बाई खाली उभी होती. जॅनीन तिचं नाव. रुंद टोपी, नाकाला मलम. तिनं खड्ड्याची उभी भिंत सुरीनं तासून साफ केली, बाटलीतलं औषध शिंपडलं आणि वर पांढरी भुकटी उडवली. बघता बघता भिंतीला रंग चढले. वरच्या वीतभर पट्ट्यात हिरवा. त्याखाली पिवळा, आणि मग खालपर्यंत नारिंगी.

"हिरवं आहे तिथे सामू, म्हणजे पीएच, बरा आहे," ती म्हणाली. "नारिंगी म्हणजे आंबट. इथे तर फारच. आपण नमुना काढतो तो वरच्या हिरव्यातून, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं."

"आंबट असलं तर काय होतं?" कुणीतरी विचारलं.

"मातीत ॲल्युमिनियम असतंच, सगळीकडे. मातीच्या कणांत घट्ट बसलेलं असतं, कुणाला त्रास देत नाही. माती एवढी आंबट झाली की ते सुटतं, पाण्यात विरघळतं. मुळाचं कोवळं टोक त्याला लागलं की करपतं. मूळ पुढे जातच नाही. हे बघा."

तिनं पाण्याच्या पिचकारीनं भिंतीतली वाळू धुतली. गव्हाची मुळं मोकळी झाली. वरच्या पट्ट्यात पांढरी, केसासारखी, दाट. नारिंगीपाशी येऊन थांबलेली. टोकं जाड, तपकिरी, खुंटलेली, जळक्या काड्यांसारखी. एकही खाली गेलेलं नव्हतं.

आल्विन उतारावरून खाली आला. कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीच्या तळाशी, त्या नारिंगी मातीत त्यानं बोटं खुपसली आणि मूठभर वाळू काढून दाबली. मूठ उघडली तर गोळा तसाच राहिला. ओली होती. सप्टेंबरातल्या गरम वाऱ्यात, वर पीक मरत असताना खालची वाळू गार आणि ओली होती.

"पाणी आहे इथे," तो म्हणाला.

"आहे ना. भरपूर आहे. मुळं पोचत नाहीत."

"हे केव्हापासून असं आहे?"

"ही वाळू मुळातच आंबट. हजारो वर्षांची. वोजिलला ते सोसतं, म्हणून इथे तेच होतं."

"म्हणजे पहिल्यापासून."

"पहिल्यापासून. पहिली एक-दोन वर्षं राखेनं सावरलं असेल. नंतर अमोनियाचं खत घातलं असेल तर त्यानं अजून वाढवलं. आमच्याच लोकांनी सांगितलं असणार म्हणा घालायला." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमची होती का ही जमीन?"

आल्विननं होकारार्थी मान हलवली.

"कुणीही असतं तरी हेच झालं असतं," ती म्हणाली. तिला वाटलं आपण धीर देतोय.

वरून टेडचा आवाज आला. "ऐकलंत का? आल्विन आळशी नव्हता म्हणायचा! आता आपण थट्टा कुणाची करायची?"

वर पुन्हा हशा झाला. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. सॉसेजचा वास येत होता, माणसं पावात कांदा घालून घेत होती. तीस वर्षं एका माणसाला जे म्हणत आले ते असं हसत हसत मिटलं, आणि लोक आंबट मातीवर टाकायच्या चुन्याचं, त्याच्या ट्रकचं बोलायला लागले. क्लाइव्ह खड्ड्याच्या काठावर उभा होता. आल्विन वर आला तसा तो म्हणाला, "डॅड असते तर..."

"डॅड नाहीत," आल्विन म्हणाला.

त्या दिवसानंतर गावाला वाटलं, चला, आल्विनच्या मनावरचं ओझं उतरलं. झालं उलटंच. इतकी वर्षं आल्विन मनाशी मानून होता की आपलंच कुठेतरी चुकतंय, आणि जे चुकतंय ते कधीतरी सापडेल. आळशी म्हणवून घेणं परवडत होतं, आळशी माणसाला निदान उद्या लवकर उठता येतं. आता कळलं की कितीही लवकर उठला असता तरी काही फरक पडणार नव्हता. हाताच्या अंतरावर पाणी होतं, आणि वर त्यानं स्वतःच्या हातानं, मन लावून, सगळीकडे ते खत टाकलं होतं. त्यानं जितकी मेहनत केली तितकी जमीन आंबत गेली होती. अंगात जोर कमी असता तर नुकसान कमी झालं असतं.

काही दिवसांनी तो गाडी काढून जेराल्डटनला गेला. नोरीन एका मच्छीमाराबरोबर राहत होती. तो समुद्रावर गेलेला होता. नोरीन जाड झाली होती, चष्मा लागला होता. तिनं चहा केला, गरम स्कोन, घरचे छोटे गोड पाव, पुढे ठेवले. आल्विननं तिला सगळं सांगितलं. रंग, मुळं, खालची ओल. 

"म्हणजे मी घातलं होतं, नोरीन. सगळीकडे घातलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"पोती मीच उसवायचे ना? रिकामी किती उरली ते दिसायचं मला."

"मग का विचारलंस?"

नोरीननं टेबलावरचे कण बोटानं गोळा केले. "तू म्हणावंस म्हणून. की हो, चुकलं, तिकडच्या कोपऱ्यात राहिलं, कंटाळा केला. मग पुढच्या वर्षी ते नीट करता आलं असतं. तू काहीच चुकत नव्हतास, आल्विन. ते मला बघवेना."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समुद्र होता, फार निळा.

"आता हे मला का सांगायला आलास?" ती म्हणाली. रागानं नव्हे. "मी काय करू याचं?"

  निघताना तिनं उरलेले स्कोन कागदात बांधून दिले. वाटेत त्यानं ते खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत.

परत आल्यावर त्यानं क्लाइव्हला विचारलं, वाळूत चुना टाकू का. किनाऱ्यावरून चुन्याची वाळू आणायची, यंत्रानं पसरायची. चुना आंबटपणा मारतो, हे जॅनीननं सांगितलं होतं. पण तो मातीत वरून खाली उतरतो फार हळू, आणि खालच्या आंबट थराला पोचेपर्यंत वरच्यातच संपत जातो, हेही सांगितलं होतं.

"कशाला?" क्लाइव्ह म्हणाला. "खाली पोचायला तुझं माझं दोघांचं आयुष्य पुरायचं नाही."

"मला दुसरं काय काम आहे?"

क्लाइव्ह आडवा आला नाही. बहुधा त्याला तेवढंच देता येत होतं. मग दर एप्रिलमध्ये आल्विन चुना पसरायचा. मागे पांढरा ढग, आत ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर तो. भुवया, पापण्या, कानांचे केस सगळं पांढरं. खोकला लागला तो गेला नाही. डॉक्टर म्हणाला बंद करा. क्लाइव्हची बायको म्हणाली बंद करा. तो हो म्हणायचा आणि एप्रिल आला की जायचा.

बऱ्याच वर्षांनी जॅनीन पुन्हा आली. मुद्दाम त्याच्यासाठी, मेळावा वगैरे काही नव्हता. छोटा खड्डा खणला, भिंत तासली, औषध शिंपडलं, भुकटी उडवली. आल्विन काठावर टोपी हातात धरून उभा होता. हिरवा पट्टा खाली आला होता. किती? तीन बोटं, फार तर चार. त्याखाली पिवळा, आणि मग तोच नारिंगी, तळापर्यंत.

"उतरलाय," जॅनीन म्हणाली. "खरंच उतरलाय, मिस्टर पास्को."

"हो," आल्विन म्हणाला. "दिसतोय."

तो आता खाली उतरला नाही. ती बिचारी बराच वेळ बोलत होती. सोसणारे नवे वाण, खोल नांगर, खालपर्यंत चुना घालायचे प्रयोग. तो सभ्यपणे ऐकत होता. ती गेल्यावर त्यानं फावडं घेऊन खड्डा बुजवला. अर्ध्यावर दम लागला, बसला, पुन्हा उठला. बुजवून झाल्यावर वरची माती पायानं चेपली.

त्या वर्षीचा चुना कोपऱ्यात येऊन पडला होता. तो त्यानं पसरला नाही. एप्रिल गेला, मे गेला, पहिले पाऊस झाले. क्लाइव्हनं एकदा विचारलं, "ढीग कधी पसरतोयस?" आल्विन म्हणाला, "राहू दे." क्लाइव्हला वाटलं तब्येतीमुळे. म्हणाला, "माझा जावई पसरेल."

"नको. राहू दे."

ऑगस्टमध्ये छातीच्या विकारानं आल्विन मेरेडिनच्या दवाखान्यात गेला. शेवटी शेवटी वाऱ्यात खिडकी वाजली की नर्सला विचारायचा, "पूर्वेचा आहे का?" आणि ती नाही म्हणाली की डोळे मिटून घ्यायचा. सप्टेंबर उजाडायच्या आत तो गेला.

चुन्याच्या ढिगावर पावसानं कडक कवच आलं. नंतर जावयानं तो हलवायचा म्हणून फावडं मारलं, पण ते आत शिरेना. त्यानं दोन-तीनदा मारून पाहिलं आणि नाद सोडला. मेंढ्या उन्हात त्याच्या सावलीला बसतात.